प्रौढ नवशिक्याला आधी साथ शिकवा

चाळिशी-पन्नाशीतला माणूस संगीताच्या क्लासात चौकशीला आला की दोन-चार वाक्यांतच त्याला विचारलं जातं, "परीक्षेला बसणार का?" तो जरा गडबडतो. नोकरी, मुलांच्या शाळा, घराचे हप्ते यातून वेळ काढून तो आलेला असतो तो पेटी किंवा तबला वाजवता यावा एवढ्यासाठी. परीक्षेचा विचार त्याच्या मनातही नसतो. पण सरळ 'नाही' म्हटलं तर आपण हौशे-गवशे ठरू, म्हणून तो 'बघू' म्हणतो आणि प्रारंभिकच्या, म्हणजे पहिल्या परीक्षेच्या, अभ्यासक्रमाची झेरॉक्स त्याच्या हातात पडते.

मी पेटी शिकवतो. संध्याकाळच्या बॅचला अशी मंडळी पूर्वीपेक्षा जास्त येतात आणि त्यातली बरीच वर्षाच्या आत गळतात. आमच्या धंद्यात या गळतीचं कारण ठरलेलं आहे: 'वय झालं की हात वळत नाही.' मला ते पटत नाही. माणसं गळतात ती आपण त्यांना काय शिकवतो आणि कोणत्या क्रमाने शिकवतो त्यामुळे. माझं म्हणणं असं की प्रौढ नवशिक्याला पहिल्या काही महिन्यांतच दुसऱ्या कुणाबरोबर तरी वाजवायला बसवलं पाहिजे. गाणाऱ्याबरोबर, तबल्याबरोबर, टाळाबरोबर, कुणाहीबरोबर. रागविस्तार, स्वतंत्र वादन, परीक्षा हे सगळं नंतर, आणि त्याला नको असेल तर कधीच नाही. अशा बसण्याला जागा आणि वाद्यं लागतात. ती मिळवून देणं एकट्या क्लासवाल्याला झेपणारं नाही, ते सगळ्यांचं काम आहे.

आधी वयाबद्दल बोलू, कारण त्याबद्दल दोन्ही बाजूंनी खोटं बोललं जातं. एकीकडे 'शिकायला वय नसतं' हे सत्कार-समारंभातलं वाक्य. दुसरीकडे 'आता कुठे तंबोरा घेऊन बसणार' ही घरातली टिंगल. खरी गोष्ट अशी की वयाने काही गोष्टी जातात. कसलाही आधार नसताना कानावर पडलेला स्वर कोणता हे अचूक सांगण्याची क्षमता, जिचं पाश्चात्त्य संगीतात मोठं कौतुक आहे, ती लहानपणीच्या तालमीशी बांधलेली असते आणि मोठेपणी जवळपास कुणालाच कमावता येत नाही. पण आपल्याला ती हवी कशाला? आपला सा हलता. गाणारा काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून गातो, गाणारी काळी पाचमध्ये, आणि बाकीचे सहा स्वर त्या सा-च्या नात्याने ठरतात. ते नातं ऐकू येणं महत्त्वाचं, आणि ते पन्नाशीतही शिकता येतं. मग जातं ते काय? गती जाते. आठव्या वर्षी तबल्यावर बसलेल्या मुलाचा तिरकिट हा बोल ज्या लयीत सुटतो, त्या लयीत पन्नासाव्या वर्षी बसलेल्याचा सुटणार नाही. हे पहिल्याच दिवशी सांगावं. त्याने कुणाचं मन मोडत नाही. बारावीतल्या मुलापेक्षा चाळिशीतल्या माणसाला आपल्या मर्यादा जास्त चांगल्या ठाऊक असतात.

तीन-चार वर्षांच्या पोरांच्या हातात व्हायोलिन देणारी पद्धत जगभर ज्यांच्या नावाने चालते, त्या शिनिची सुझुकींनी स्वतः व्हायोलिन हातात घेतलं ते सतराव्या वर्षी. व्हायोलिनवाल्यांच्या हिशेबात हा उशीर फारच झाला.

प्रौढाची खरी अडचण वेगळी आहे. त्याचा कान पुढे असतो आणि हात मागे. चाळीस वर्षं त्याने नाट्यगीतं, भावगीतं, अभंग, सिनेमातली गाणी ऐकलेली असतात. चाल कशी वळते, मुखडा कुठे येऊन बसतो, हे त्याला न शिकवता माहीत असतं. आठ वर्षांच्या मुलाचा स्वर चुकला तर त्याला तो बऱ्याचदा ऐकूच येत नाही, म्हणून तो मजेत पुढे जातो. प्रौढाला प्रत्येक चूक ऐकू येते. आपण किती वाईट वाजवतोय हे त्याच्याइतकं खोलीतल्या कुणालाच कळत नसतं.

पेटीवर बसलेल्या नवशिक्याकडे जरा जवळून बघा. पहिली गडबड भात्याची. प्रत्येक स्वराला वेगळा धक्का द्यायचा असतो अशा समजुतीने तो डाव्या हाताने भाता हापसतो आणि सूर एकसंध न येता हुंदके दिल्यासारखा येतो. भात्याला हवेचा साठा असतो, तो सावकाश, अर्धा भरलेला ठेवायचा, हे हाताला कळायला काही आठवडे जातात. दुसरी गडबड उजव्या हाताची. पुढची पट्टी दाबली तरी मागची सुटत नाही, त्यामुळे दोन स्वर एकमेकांना चिकटतात. अंगठा बाहेर लोंबकळतो, करंगळी आखडून वर उभी राहते. डोळे पट्ट्यांवर खिळलेले असतात, तोंडाने गाणं बंद पडलेलं असतं. हे सगळं सुटतं, आणि प्रौढाचं मुलापेक्षा फार उशिराही सुटत नाही, कारण त्याला कारण सांगितलं की कळतं. 'भाता हलका ठेवा, आत हवा आहे' हे वाक्य त्याला पुरतं. मुलाला ते दहा वेळा करून दाखवावं लागतं.

घोटाळा होतो तो यापुढे. आपण त्याला सारेग, रेगम, गमप देतो. मग चारचार स्वरांचे पलटे, मग बिलावल, मग भूप, दुर्गा, स्वरमालिका, छोटा ख्याल. सगळं पांढरी एकपासून, कारण पांढऱ्या पट्ट्या ओळीने दाबत गेलं की बिलावल आपोआप तयार होतो. वर्षभरात त्याचा भूप बरा वाजू लागतो. मग एक दिवस सोसायटीतल्या महिलांचं भजन असतं आणि कुणीतरी कौतुकाने म्हणतं, "काका, तुम्ही पेटी शिकता ना? बसा की." काका बसतात. बायका गातात काळी चारमध्ये. काकांनी काळी चारचा सा कधी धरलेलाच नसतो. बोटांची सगळी रचना बदलते आणि वर्षभर घासलेला भूप हाताखालून निघून जातो. त्यात गाणाऱ्या कडव्याच्या मध्येच लय वाढवतात, ध्रुपद दोनदा घेतात, एखादी ओळ विसरून पुढच्या ओळीवर उडी मारतात. यातलं काहीही अभ्यासक्रमात नव्हतं. काका पुढच्या महिन्यापासून क्लासला येत नाहीत आणि आपण म्हणतो, वय झालं.

वाद्य कोणतं निवडावं यावरही थोडं बोललं पाहिजे, कारण तिथेही भाबडेपणा चालतो. पन्नाशीत सारंगी सुरू करू नये. कुणाला राग येईल, येऊ दे. सारंगी, व्हायोलिन, बासरी या वाद्यांत स्वर आधी निर्माण करावा लागतो आणि मग वाजवावा लागतो. तो ऐकण्याजोगा व्हायलाच काही वर्षं जातात. पेटीत स्वर तयार असतो. पट्टी दाबली की तो सुरात येतो, अर्थात पेटी जुळलेली असेल तर. पेटीवर पंडितांचा राग नेमका याच गुणामुळे होता. तिला मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही, श्रुती, म्हणजे स्वरांमधले बारीक फरक, येत नाहीत, तिचे स्वर बांधलेले. पॅरिसमध्ये दबॅंने 1840च्या सुमाराला बनवलेलं हे पायपेटीचं वाद्य कोलकात्यात हातपेटी झालं, संगीत नाटकांच्या तालमीत आणि कीर्तनात रुळलं, आणि तरी आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत ते साथीला चालू दिलं नाही. त्या तीस-एकतीस वर्षांत भजनी मंडळांनी पेटी खाली ठेवल्याचं मात्र काही ऐकिवात नाही. पंडितांच्या दृष्टीने जो तिचा दोष, तोच नवशिक्याच्या पथ्यावर पडतो. त्याचा पहिला स्वर बेसूर येत नाही.

आता परीक्षेकडे येऊ. परीक्षेला शिव्या देणं सोपं आहे, आणि कलावंत मंडळी त्या देतातही. मला ते कृतघ्नपणाचं वाटतं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा संगीत शिकायचं म्हणजे कुणा उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षं पडून राहायचं आणि त्याची मर्जी सांभाळायची. फी भरून, वर्गात बसून, छापलेल्या पुस्तकातून शिकता येतं, चांगल्या घरची मुलं-मुली शिकू शकतात, ही कल्पनाच तेव्हा धाडसाची होती. पलुसकर 1931 मध्ये गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. प्रारंभिकपासून विशारदपूर्णपर्यंत सात परीक्षांची जी शिडी आज गावोगावच्या क्लासांत उभी आहे, तिच्यामुळे मध्यमवर्गातल्या हजारो मुलींना गाण्याची परवानगी घरातून मिळाली. 'परीक्षा आहे' म्हटलं की वडील गप्प बसत. हे श्रेय त्या व्यवस्थेचंच.

पण ती शिडी कुणासाठी आहे? जिच्यापुढे शाळेची दहा वर्षं पसरलेली आहेत, दर वर्षाला एक पायरी चढून जी कॉलेज सुटेपर्यंत विशारद होईल, त्या मुलीसाठी. पन्नाशीतल्या माणसाने तीच शिडी धरली तर साठीपर्यंत त्याला विलंबित एकतालात विस्तार करता येईल, पण आषाढीला देवळात 'रूप पाहतां लोचनीं'ची साथ येईलच असं नाही. शिवाय परीक्षेच्या दिवशी दहा-बारा वर्षांच्या पोरांबरोबर रांगेत बसायचं, आपल्यापेक्षा वयाने लहान परीक्षकाने ताल विचारला की हातावर टाळी-काल दाखवायचे. काहींना यात गंमत वाटते, त्यांनी जरूर बसावं. बहुतेकांना वाटत नाही.

आणि गंमत अशी की परीक्षांच्याही आधी आपल्याकडे मोठ्या माणसांनी संगीत शिकण्याची रीत होती. मुंबईत 1870 मध्ये पारशी मंडळींनी गायन उत्तेजक मंडळी काढली, पुण्यात 1874 मध्ये गायन समाज निघाला. तिथे जमणारे लोक दिवसा कचेरीत, कोर्टात, पेढीवर असत आणि संध्याकाळी उस्तादांना बोलावून ऐकत, शिकत, वाद घालत. भातखंडे 1884 मध्ये गायन उत्तेजक मंडळीत दाखल झाले तेव्हा चोविशीच्या आसपासचे होते, पुढे वकील झाले. उत्तर हिंदुस्थानी संगीतातल्या रागांची वर्गवारी करणारी जी थाटपद्धती आज शाळकरी पोरं पाठ करतात, तिची मुळं एका हौशी वकिलाने संध्याकाळच्या मंडळींत केलेल्या चौकशांमध्ये आहेत. त्या मंडळींत कुणी प्रारंभिकला बसलं नव्हतं. आपण शंभर-सव्वाशे वर्षांत मुलांसाठी उत्तम व्यवस्था उभी केली, आणि ती उभी करताना मोठ्यांची बैठक मोडून टाकली.

कोणत्याही बऱ्या क्लासात आज जाऊन बघा. एका खोलीत तबला चाललेला असतो, दुसरीत पेटी, तिसरीत गाणं. मधे भिंत. तबल्याची मुलं मोबाइलवर लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनाएवढी फिरती धून, लावून कायदा ही तबल्यातली रचना घोटतात. पेटीवाले मोबाइलवरच्या तबल्याबरोबर पलटे घेतात. गाणारे मोबाइलमधला तानपुरा आणि मोबाइलमधलाच तबला लावून छोटा ख्याल म्हणतात. तिन्ही खोल्यांत जिवंत माणसं बसली आहेत, आणि तिन्ही खोल्यांत साथीला मशिन! वर्षानुवर्षं ही माणसं एकमेकांना जिन्यात भेटतात, वाजवताना भेटत नाहीत. परीक्षेच्या दिवशी साथीदार लागतो तेव्हा तोही पैसे देऊन बाहेरून आणतात.

मशिनला माझा विरोध नाही. ते चुकत नाही, थकत नाही, रात्री अकरालाही तयार असतं. पण ते कुणाची वाटही पाहत नाही. तुम्ही समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, उशिरा आलात तर त्याला काही वाटत नाही, तुम्ही थांबलात तरी ते चालूच राहतं. दुसऱ्या माणसाबरोबर वाजवताना जे शिकायचं असतं, म्हणजे त्याच्याकडे कान ठेवणं, चुकलं तरी न थांबणं, पुढच्या समेवर पुन्हा येऊन मिळणं, हे त्यातून येत नाही. नवशिक्या एकटा वाजवताना चूक झाली की थांबतो, मागे जातो, पुन्हा सुरू करतो. ही सवय इतकी पक्की होते की पुढे साथीला बसल्यावर तो तेच करतो आणि गाणं उलटतं.

म्हणून मी म्हणतो, त्या भिंतीत दार पाडा. तबल्याच्या विद्यार्थ्याला रोज कशाची गरज असते? लेहऱ्याची. त्रितालाचा लेहरा म्हणजे सोळा मात्रांची एक लहानशी धून, ती एकसारख्या लयीत फिरवत राहायची. वाजवणाऱ्याने काहीही कलाकुसर करायची नाही, किंबहुना करूच नये. चंद्रकंसमधला नेहमीचा लेहरा तीन-चार महिने पेटी शिकलेल्या माणसाच्या हातात सहज बसतो. त्याला तो धरून पंधरा मिनिटं बसवा आणि समोर तबल्याचा विद्यार्थी कायदा वाजवू दे. पहिल्यांदा काय होतं ते मी अनेकदा पाहिलं आहे. तबला दुगुणीत गेला की लेहराही पळायला लागतो. लय वाढल्याचं दोघांनाही कळत नाही, तिसऱ्याच कुणाला कळतं. मग तबलेवाला पोरगा वैतागून म्हणतो, "काका, तुम्ही माझ्याबरोबर येऊ नका, तुम्ही तिथेच राहा." काका पुन्हा सुरू करतात, ओठांत मात्रा मोजतात, नवव्या मात्रेवर मान हलवतात. तिसऱ्या-चौथ्या बैठकीला लेहरा जागेवर राहायला लागतो. तेव्हा काकांनी राग एकही पुरता शिकलेला नसतो, पण त्यांच्यावाचून त्या पोराचा रियाज अडतो. महिनाभराच्या शाबासकीने जे होत नाही ते या अडण्याने होतं: काका पुढच्या गुरुवारी पाऊस असला तरी येतात.

तबल्याचंही तेच. केरवा, दादरा आणि भजनी ठेका एवढे तीन ठेके धिम्या लयीत न हलता धरता आले की माणूस कुठल्याही घरगुती बैठकीला चालतो. कायदे, रेले, गती असल्या रचना नाही आल्या तरी बिघडत नाही. गाणारीला तिच्या मुखड्यावर सम हवी असते, दुसरं काही नको असतं. आणि सुगम गाणाऱ्या किती जणी केवळ साथीला कुणी नाही म्हणून ट्रॅकवर गातात!

मी काही नवं सांगत नाहीये. भजनी मंडळ अशाच रीतीने माणूस घडवतं. कोकणातल्या कुठल्याही वाडीत बघा, नवा माणूस आला की त्याला आधी टाळ किंवा झांज देतात आणि मागे बसवतात. पहिल्या दिवसापासून तो भजनात असतो. त्याचा ठोका चुकला तर बाकीच्यांच्या आवाजात झाकला जातो. काही महिन्यांनी पखवाजवाला उशिरा येतो त्या दिवशी त्याला पखवाजावर बसवतात. बुवांच्या हाताकडे बघत बघत पेटी शिकलेले किती जण आहेत, त्यांची नोंद कुठल्याच परीक्षामंडळाकडे नाही. डबलबारीला जे बुवा समोरासमोर उभे ठाकतात, स्वतः पेटी वाजवत गजर उभा करतात, त्यांची तालीमही बरीचशी अशीच झालेली असते. गोव्यात कला अकादमीच्या भजन स्पर्धेला महिलांची पथकं उतरतात. त्यांत बायका पेटीला, पखवाजाला बसलेल्या दिसतात तेव्हा मला बरं वाटतं, कारण इकडे शहरांतल्या महिला मंडळांत अजून गाणार बायका आणि पेटी-तबल्याला बाहेरून बोलावलेले दोन पुरुष, असाच प्रकार जास्त. हे दोघे त्याच संध्याकाळी आणखी दोन ठिकाणी जायचे असतात, म्हणून भजन त्यांच्या घड्याळाप्रमाणे संपतं. मंडळातल्याच दोघींनी ही दोन कामं शिकून घेतली तर? पन्नाशी-साठीतल्या, मुलं मार्गी लागलेल्या, मोकळी दुपार असलेल्या बायका यांहून चांगला विद्यार्थिवर्ग कुठे मिळणार? पण क्लासच्या जाहिरातीवर चित्र असतं ते दोन वेण्या घातलेल्या मुलीचं.

पुण्यातली ढोल-ताशा पथकंही बघा. मला त्यांचा आवाज सोसत नाही, विसर्जनाच्या दिवशी मी शहराबाहेर असतो. पण शिकवण्याच्या दृष्टीने त्यांनी काहीतरी बरोबर पकडलं आहे. ज्यांनी आयुष्यात कधी वाद्याला हात लावला नाही असे पंचवीस-तीस-चाळीस वर्षांचे लोक, ऑफिसची बॅग खांद्यावरून उतरवून, गणपतीच्या आधी दोन-एक महिने रोज सरावाला येतात. कमरेला ढोल बांधला की रांगेत उभं राहायचं, शेजाऱ्याच्या टिपरूकडे बघत पहिला हात शिकायचा, मग दुसरा. कुणी त्यांना विचारत नाही की तुम्ही पुढे काय करणार. तारीख ठरलेली, सोबत ठरलेली, आपलं काम ठरलेलं. गळती तिथेही असते, पण 'माझं वय झालं' म्हणून कुणी गेल्याचं मी ऐकलं नाही. शास्त्रीय संगीत शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांनी पथकांना नाकं मुरडण्यापेक्षा ही रांग कशी काम करते ते पाहायला हवं.

यावर जुन्या गुरुजींचा आक्षेप येतो तो मला माहीत आहे, आणि तो पोकळ नाही. ते म्हणतात, हात बसायच्या आत साथीला बसवलं की हात बिघडतो. तबल्यात हे शंभर टक्के खरं. चाटीवर बोट तिरकं पडायची सवय लागली, बायांवर मनगट उचलून थाप मारायची सवय लागली, की पुढे ती सोडवताना शिकवणाऱ्याचा आणि शिकणाऱ्याचा दोघांचाही घाम निघतो. म्हणून पहिले काही महिने हाताकडे कडक लक्ष द्यावंच, आणि बैठकीतही गुरुजींनी हजर असावं. पण 'हात बसायच्या आत' या वाक्याला काही शेवट हवा. तो हात नेमका कधी बसतो? मी असे शिकवणारे पाहिले आहेत की ज्यांच्या मते त्यांच्या साठ वर्षांच्या विद्यार्थ्याचा हात अजून बसलेला नाही, आणि महिन्याची फी मात्र चालू आहे.

दुसरा आक्षेप दर्जाचा. अशाने संगीताचं भजन होईल, म्हणजे 'नुसतंच भजन'. हा आक्षेप घेणाऱ्यांनी सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात एकदा मागे वळून बघावं. तिथे पहाटेपर्यंत, आता नियमांमुळे रात्रीपर्यंत, बसून राहणाऱ्या श्रोत्यांत कधीतरी घरी पेटी बडवलेले, तबल्यावर हात मारलेले, क्लास अर्धवट सोडलेले लोक किती असतात! स्वतः सम शोधताना धडपडलेल्या माणसालाच मोठ्या तबलजीची सम कशी आली ते कळतं. मैफलीचे कलाकार लहान वयातल्या कठोर तालमीतून होतात आणि पुढेही तसेच होतील. त्यांच्या वाट्याचं काहीही हौशी प्रौढ हिरावून घेत नाही. उलट तिकीट तोच काढतो.

मग अडलंय कुठे? बरंचसं जागेवर. नोकरी करणारा माणूस घरी पोचतो आठ-साडेआठला. जेवून तबला काढला तर नऊ वाजलेले. रात्री 10 नंतर उघड्यावर वाद्य वाजवायला ध्वनिप्रदूषणाच्या नियमांची आडकाठी आहे आणि ती असावीच. बंद दारामागे कायदा सूट देतो, पण भिंतीपलीकडचे शेजारी देत नाहीत, आणि त्यांचंही काही चुकत नाही. पेटी निदान हळू वाजवता येते, तबला कसा हळू वाजवणार? दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मुलीची दहावी असते. त्यामुळे 'रोज रियाज करा' हा सल्ला शहरात अर्धा निरर्थक आहे.

त्याच वेळी प्रत्येक शहरात महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या शाळांच्या इमारती संध्याकाळी सहानंतर कुलपात असतात. जाड भिंती, रिकामे वर्ग, आजूबाजूला मैदान. आठवड्यातून दोन संध्याकाळी दोन वर्ग उघडायला काय लागतं? शिपायाचा जादा वेळाचा भत्ता, वीज आणि एक सही. यातली सही मिळवणं सर्वांत अवघड, हे मला माहीत आहे. पण मुंबई-पुण्याच्या पालिका सुशोभीकरणावर जो खर्च करतात त्यापुढे हा हिशेबातही येणार नाही.

दुसरं वाद्यांचं. बरी पेटी म्हणजे पाच आकडी रक्कम. जमेल की नाही हे माहीत नसताना ती कोण घालणार? म्हणून लोक स्वस्तातली घेतात, तिचे स्वर उतरलेले असतात, भाता गळतो, आणि माणूस समजतो की आपल्यालाच जमत नाही. टोरांटोच्या सार्वजनिक ग्रंथालयात 2016 पासून पुस्तकासारखं वाद्यही कार्डावर घरी नेता येतं. आपल्याकडे 1967चा ग्रंथालय कायदा आहे, अनुदानावर चालणारी हजारो ग्रंथालयं आहेत, त्यातल्या अनेकांकडे सभागृह आहे आणि संध्याकाळी वाचक मोजके आहेत. वाद्यं नवी घ्यायचीही गरज नाही. मराठी घरांच्या माळ्यांवर आजोबांच्या पेट्या किती पडल्या असतील! भात्याचं कातडं उंदरांनी कुरतडलेलं, पितळी सूर काळे पडलेले, पण खोका सागवानी आणि शाबूत. त्या मागून घ्याव्यात, दुरुस्त कराव्यात, अनामत ठेवून सहा महिन्यांसाठी द्याव्यात. यात पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिरालाही काम मिळेल. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मानांकनाने मान राहतो. कारागिराची चूल पेटते ती वाद्य विकत घेणाऱ्या आणि दुरुस्तीला आणणाऱ्या माणसामुळे, आणि ती माणसं सगळीच मैफलीची कलाकार नसतात.

राहिला प्रश्न शिकवणार कोण. मोठ्या बुवांनी यासाठी वेळ द्यावा असं मी म्हणत नाही, त्यांनी त्यांचे शिष्य घडवावेत. यासाठी माणसं दुसरीच आहेत. दर वर्षी महाराष्ट्रात विशारद होऊन बाहेर पडणारी मुलं-मुली पुढे बँकेत जातात, आयटीत जातात, लग्न होऊन दुसऱ्या गावी जातात. प्रमाणपत्र फाइलमध्ये, तबला पलंगाखाली. त्यांना ठेका, लेहरा, पट्ट्या बदलणं हे सगळं येतं आणि वाजवायला कुणी सोबत नसल्यामुळे तेही विसरत चालले आहेत. शाळेच्या त्या दोन वर्गांत आठवड्यातून दोन संध्याकाळी त्यांना बोलवा. ते येतील. मानधन मात्र ठेवावं लागेल, 'सेवा म्हणून करा' असं सांगून चालणार नाही. आणि ते बिल पालिकेच्या लेखा विभागात मार्चपर्यंत पडून राहिलं तर पुढच्या वर्षी पुन्हा मोबाइलवरचाच लेहरा लावावा लागेल.